जुनी पोकलेन तापली की मॉनिटरवरचे काटे पडतात, इंजिन आयडलला बसतं. कंट्रोलर गेला की वायर?

खोदकामवाला

नमस्कार मंडळी. वापरलेली पोकलेन घेतली आहे, २० टनी, कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्टची सिस्टीम. सकाळी थंड असताना मशीन झकास चालते. काम सुरू होऊन तेल तापलं की अचानक मॉनिटरवरचे इंजिनचे काटे शून्यावर येतात आणि इंजिन आपोआप लो आयडलला बसतं. थ्रॉटलचा डायल फिरवून काही फरक पडत नाही. बूम, बकेट हलतात पण त्यात ताकद नसते. इंजिन मात्र बंद पडत नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की सगळं पूर्ववत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

कोड असे आहेत: इंजिनच्या कंट्रोलरमध्ये (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) एसपीएन (बिघाड कशात) ६३९, एफएमआय (बिघाड कसा) ९. मॉनिटर आणि पंप कंट्रोलर, दोघांतही इंजिन कंट्रोलरशी संपर्क तुटल्याचे कोड. मेकॅनिक म्हणतो इंजिनचा कंट्रोलर गेला. दुसऱ्या मशीनवरचा वापरलेला कंट्रोलर मिळतोय. टाकून बघू का?

सुटे_भाग

आत्ता नको. वापरलेला कंट्रोलर नुसता बसवून भागत नाही. त्यात त्या मशीनचं सॉफ्टवेअर असतं, बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा कॅलिब्रेशन कोडही त्यातच भरलेला असतो. पार्ट नंबर जुळला तरी आतलं सॉफ्टवेअर जुळेलच असं नाही. मूळ दोष वायरीत असेल तर आज एक दुखणं आहे, उद्या दोन होतील, आणि मग कुठलं कशामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही.

हायड्रोलिक_अण्णा

आधी बॅटरी आणि अर्थ बघा. कम्युनिकेशनचे निम्मे कोड मी तिथेच मिटलेले पाहिलेत. स्टार्टर मारताना व्होल्टेज किती खाली जातं? १८ च्या खाली जात असेल तर कंट्रोलर क्षणभर झोपून उठतो, आणि बाकीचे लगेच ‘हा गायब झाला’ म्हणून कोड टाकतात.

वायरमनताई

अण्णांचा मुद्दा बरोबर आहे, पण इथली लक्षणं जरा वेगळं सांगतात. खोदकामवाला दादा, तुम्ही एक फार मोलाची गोष्ट लिहिली आहे आणि मेकॅनिकने तिच्याकडे लक्ष दिलेलं दिसत नाही: इंजिन बंद पडत नाही.

कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर उघडण्याचं काम तोच कंट्रोलर करतो. त्याची पॉवर किंवा अर्थ गेला असता तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं असतं. ते आयडलला चालू राहतं, म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे आणि आपलं काम करतोय. डायलचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही म्हणून तो सुरक्षित म्हणून ठरवलेल्या आरपीएमवर जाऊन थांबतो. तिकडे पंप कंट्रोलरला इंजिनचा आरपीएम कळत नाही, म्हणून तो पंपाचा टॉर्क कमी करतो. ताकद तिथे जाते. हायड्रोलिकमध्ये बिघाड शोधत बसू नका.

आता कोडांकडे या. ६३९ म्हणजे जे१९३९ चं नेटवर्क, जड मशीनमधले कंट्रोलर ज्यावर एकमेकांशी बोलतात ते; एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित वेळात संदेश आला नाही. हा कोड टाकणारा तक्रारदार असतो. ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो बोलत नाहीये की बोलतोय पण ऐकू येत नाहीये, हे कोडला माहीत नसतं. त्यामुळे मी प्रत्येक कंट्रोलरचे कोड वेगवेगळे काढून कागदावर मांडते: कोण कुणाबद्दल तक्रार करतोय.

तुमचं चित्र असं दिसतं. मॉनिटर आणि पंप कंट्रोलर एकमेकांबद्दल तक्रार करत नाहीत. दोघंही इंजिनबद्दल करतात. इंजिन बाकीच्यांबद्दल करतं. म्हणजे एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, आणि मधला दुवा तुटतोय. सगळ्यांनी सगळ्यांबद्दल तक्रार केली असती तर मी मुख्य लाइनीत शॉर्ट शोधला असता. फक्त मॉनिटर एकटा पडला असता तर मॉनिटरचा फ्यूज, अर्थ, कनेक्टर.

कंट्रोलर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. आधी मल्टिमीटर घ्या.

मुख्य स्विच बंद, किल्ली काढलेली, थोडा वेळ जाऊ द्या म्हणजे सगळे कंट्रोलर झोपतील. मग ९ पिनी गोल डायग्नोस्टिक कनेक्टरवर सी आणि डी या पिनांमध्ये ओहम मोजा. जे१९३९ च्या नेहमीच्या मांडणीत ए म्हणजे बॅटरी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी कॅन हाय, डी कॅन लो (कॅन म्हणजे या नेटवर्कची दोन वायरींची लाइन), ई शील्ड. पण तुमच्या मशीनचा सर्किट डायग्राम बघूनच मोजा, काही कंपन्या आपली मांडणी वेगळी ठेवतात, आणि एका मशीनवर दोन-तीन कॅन लाइनीही असतात.

लाइनीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून निरोगी लाइनीवर ६० च्या आसपास दिसतं. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा रेझिस्टर घातलाय. शून्याजवळ म्हणजे हाय आणि लो एकमेकांना चिकटल्यात. मीटर काहीच दाखवत नसेल तर जिथे मोजताय ती फांदीच तुटली आहे किंवा दोन्ही टोकं गेली आहेत.

नवशिका_मेकॅनिक

ताई, टोकाला रेझिस्टर लागतोच कशाला? दोन वायरींवर बोलायचं तर वायर पुरे नाही का?

वायरमनताई

सिग्नल वायरीच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे त्याला शोषणारं काही नसेल तर परत फिरतो. परतलेला आणि नवा एकमेकांत मिसळले की बिट वाचता येत नाही. १२० ओहम हा त्या पीळ दिलेल्या जोडीच्या स्वभावाला जुळणारा आकडा आहे. म्हणूनच जोडीचा पीळ उकलायचा नसतो आणि मुख्य लाइनीवरून काढलेल्या फांद्या लांब ठेवायच्या नसतात. २५० केबीपीएसच्या (सेकंदाला अडीच लाख बिट) शील्ड असलेल्या लाइनीला मानकात ४० मीटर लांबी आणि १ मीटरची फांदी एवढीच परवानगी आहे.

रात्रपाळी

थोडी पार्श्वभूमी, कारण त्यावरून ‘किल्ली मारली की बरं होतं’ हे कोडं सुटतं. कॅन ही बॉशची निर्मिती, काम १९८३ ला सुरू झालं, १९८६ ला डेट्रॉइटच्या एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) परिषदेत जाहीर झाली, १९९३ ला आयएसओ ११८९८ हे मानक आलं. मुळात मोटारींसाठी. त्यात एक सोय आहे: प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजतो. पाठवताना चूक झाली की मोजणी साधारण ८ ने वाढते, संदेश नीट गेला की १ ने उतरते. १२७ च्या वर गेली की तो दबून वागायला लागतो, २५५ च्या वर गेली की लाइनीवरून बाजूला होतो, म्हणजे ‘बस ऑफ’. बिघडलेल्याने बाकीच्यांचं बोलणं बंद पाडू नये म्हणून ही योजना.

आता वायर क्षणभर सुटली, चुका साचल्या, कंट्रोलर बाजूला झाला. वायर परत टेकली तरी कंट्रोलर आपणहून परत येईलच असं नाही, ते त्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. किल्ली बंद-चालू केली की मोजणी शून्य होते आणि तो पुन्हा बोलायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं कंट्रोलर ‘हँग’ होतोय, म्हणजे कंट्रोलरच खराब. बहुतेक चांगले कंट्रोलर याच गैरसमजात बदलले जातात.

हायड्रोलिक_अण्णा

हे पटलं. आमच्याकडे एक मशीन अशीच किल्ली मारत मारत कित्येक महिने चालवली होती. शेवटी दोष निघाला केबिनखालच्या कनेक्टरात, पाण्याच्या प्रेशरने धुऊन धुऊन पाणी आत गेलेलं.

खोदकामवाला

मोजलं. थंड मशीन, मेन स्विच बंद: ६१ ओहम. म्हणजे लाइन ठीकच आहे ना? मेकॅनिक परत कंट्रोलरवरच आलाय.

किल्ली चालू करून सी ते अर्थ २.६ व्होल्ट, डी ते अर्थ २.४ व्होल्ट. बॅटरी स्टार्टरच्या वेळी २१ पर्यंत उतरते. इंजिन कंट्रोलरच्या अर्थवर काम चालू असताना व्होल्टेज ड्रॉप ०.१ च्या आत.

वायरमनताई

छान मोजलंत. अर्थ आणि बॅटरी बाजूला झाल्या. व्होल्टही बरोबर आहेत: लाइन शांत असते तेव्हा दोन्ही वायरी २.५ वर, बिट आला की हाय ३.५ कडे आणि लो १.५ कडे. मीटर सरासरी दाखवतो म्हणून २.६ आणि २.४. हाय वायर २४ व्होल्टला कुठे घासत असती तर आकडा लगेच वर चढला असता.

पण ६१ ओहम थंड मशीनचे आहेत, आणि तुमचा दोष तापल्यावरचा आहे. बिघाड हजर नसताना घेतलेलं माप बिघाड नाही असं सांगत नाही. मशीन चालवा, काटे पडले की किल्ली बंद करा पण पुन्हा चालू करू नका. कनेक्टर, वायरी काही हलवू नका. मेन स्विच बंद करून लगेच तेच माप घ्या. मग मीटर तसाच लावून ठेवा, मिन-मॅक्स मोड असेल तर तो लावा, आणि दुसऱ्या माणसाला हार्नेस (वायरींचा जुडगा) एकेक हात हलवायला सांगा.

दोन गोष्टींची काळजी. इन्सुलेशनला सुई टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तिथेच तांबं हिरवं होतं. आणि मीटरचा जाड प्रोब मादी पिनेत कोंबू नका. पिनेची पकड एकदा सैल झाली की तुम्हीच नवा दोष घातलात. मागच्या बाजूने बारीक बॅक प्रोब घाला.

सुटे_भाग

हार्नेस हलवताना कुठे बघायचं ते सांगतो. वापरलेल्या पोकलेनमध्ये दोष ठरावीक ठिकाणीच निघतात. इंजिनच्या खोलीतून पंपाच्या खोलीत हार्नेस जिथे पत्र्यातून जातो ते भोक, तिथला रबरी ग्रोमेट बहुधा नसतोच. केबिनच्या मागे आणि खाली, कारण केबिन सतत हादरते. हार्नेस आणि हायड्रोलिक पाइप एकाच क्लिपमध्ये बांधलेत का बघा. प्रेशर आलं की पाइप उडी मारतो आणि वायर घासतो. आणि मशीनला विकण्याआधी रंग मारला असेल तर कनेक्टरवर रंग आहे का बघा. रंग उडालेला कनेक्टर म्हणजे रंगानंतर कुणीतरी तो उघडलाय, आणि उघडला असेल तर कारण असणार.

उंदीर हाही खरा विषय आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या मशीनमध्ये सीटखालचा हार्नेस आधी बघा.

रात्रपाळी

ट्रॅकिंगचा डबाही बघा. आधीच्या मालकाने बाहेरचा जीपीएस डबा बसवून कॅनवर जोड दिलेला असतो. विकताना डबा काढून नेतात, वायरी तशाच लोंबत राहतात.

खोदकामवाला

सापडलं!

तापल्यावर काटे पडले तसं किल्ली बंद, मेन स्विच बंद, माप घेतलं: १२० ओहम. मीटर लावून ठेवला आणि मुलाला हार्नेस हलवायला सांगितलं. केबिनखाली काही नाही. सीटमागे काही नाही. इंजिन आणि पंपाच्या मधल्या पत्र्याजवळ हात गेला तसा आकडा १२० वरून ६१ वर आला, हात काढला की परत १२०.

नालीदार नळी कापली. आत कुणीतरी केलेला जोड होता: वायरी कापून नुसत्या पिळून वर टेप. टेप तेलाने आणि उष्णतेने लिबलिबीत झालेली. कॅन हायचा जोड बरा होता. कॅन लोचं तांबं काळं पडलेलं, आणि बारीक तारांपैकी बहुतेक तुटलेल्या. क्लिप बरोबर जोडावरच आवळलेली, त्यामुळे थंड असताना ती जोड दाबून धरत होती. तापलं की टेप मऊ होऊन क्लिप सैल व्हायची.

त्याच जागेपासून हातभर अंतरावर रात्रपाळी म्हणतात तशी डब्याची वायर पण निघाली, टोकाला टेप लावून सोडलेली.

वायरमनताई

अभिनंदन दादा! १२० आले तेव्हाच कळलं होतं की इंजिनाकडचा टोकाचा रेझिस्टर वेगळा पडतोय. तुमच्या कोडांचं चित्र आणि हा आकडा एकमेकांना जुळले.

दुरुस्ती नीट करा. काळं तांबं पूर्ण कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. अंतर कमी पडलं तर त्याच जाडीची पीळ दिलेली जोडी मधे घाला, साध्या दोन वायरी नकोत. दोन्ही वायरींचे जोड शेजारी शेजारी घेऊ नका, थोडे पुढेमागे घ्या. पीळ जोडाच्या शक्य तितक्या जवळ आणा. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). क्लिप जोडावर नको.

लोंबणारी फांदी मुळापासून काढा, टोकावर टेप लावून चालणार नाही.

हायड्रोलिक_अण्णा

जोडाला डाग (सोल्डर) द्यावा. पिळून डाग दिला की वर्षानुवर्षं टिकतो.

वायरमनताई

अण्णा, घरच्या वायरिंगला ठीक. पोकलेनवर मी नाही देणार. डाग वायरीत वर चढतो आणि तेवढा तुकडा कडक होतो. कडक संपून मऊ वायर सुरू होते तिथेच हादऱ्याने तारा तुटतात. योग्य मापाच्या क्रिंप टूलने दाबलेला जोड, वर गोंदाची श्रिंक. पक्कडीने दाबलेला जोड क्रिंप म्हणून धरू नका, ओढून बघा.

हायड्रोलिक_अण्णा

डाग दिलेले माझे जोड अजून चालू आहेत. पण ते इंजिनपासून लांब होते हे खरं. इंजिनजवळ क्रिंप, मान्य.

खोदकामवाला

सांगितलं तसं केलं. हार्नेस पाइपापासून वेगळा बांधला, पत्र्याच्या भोकात नवा ग्रोमेट घातला. दिवसभर तापवून चालवली, काटे हलले नाहीत, नवीन कोड नाही. दुसऱ्या मशीनचा कंट्रोलर नको म्हणून कळवलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

पुढच्या वेळी घेण्याआधीच हे कसं ओळखायचं? विकणाऱ्याने मला चालवून दाखवली तेव्हा सगळं व्यवस्थित होतं.

सुटे_भाग

हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. विकणारा दहा मिनिटं चालवून दाखवतो. तुम्ही तेल कामाच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, मग प्रत्येक हालचाल पूर्ण टोकापर्यंत करून घ्या, स्विंग आणि ट्रॅव्हलसकट. पूर्ण लोडखाली इंजिन हलतं, हार्नेस ताणला जातो.

कोडांचा इतिहास मागा, चालू कोड पुरेसे नाहीत. बऱ्याच मशीनवर कोड किती वेळा आला आणि कुठल्या तासाला आला हेही दिसतं. काही हजार तास चाललेल्या मशीनचा इतिहास कोरा असेल तर तो आदल्या दिवशी पुसलेला असू शकतो. उलट कम्युनिकेशनचा एकच कोड शेकडो वेळा आलेला असेल तर सरळ हार्नेस उघडून बघायची अट घाला.

तास जुळवून बघा. मॉनिटरवरचे तास आणि इंजिन कंट्रोलरमधले तास, दोन्ही वाचता येतात. मोठा फरक असेल तर काहीतरी बदललंय. बदलणं गुन्हा नाही, पण का बदललं हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे. कंट्रोलरचे पार्ट नंबरही मशीनच्या मॉडेलशी ताडा.

रात्रपाळी

वेल्डिंगच्या खुणा पण बघा. बूमवर, चासिसवर नवं वेल्डिंग दिसलं तर विचारा की बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढले होते का, आणि वेल्डिंगचा अर्थ कुठे लावला होता. लांब लावला असेल तर करंट बेअरिंगमधून आणि कधीकधी कंट्रोलरच्या अर्थमधून जातो. असा मार खाल्लेला कंट्रोलर लगेच मरत नाही, नंतर त्रास देतो. या एका बाबतीत कंट्रोलरवर संशय घेणं रास्त आहे.

नवशिका_मेकॅनिक

माझ्याकडे साधा मल्टिमीटरच आहे, ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही. कंपनीचं सॉफ्टवेअरही नाही. अशा कामाला हात घालू का?

वायरमनताई

जरूर घाला. या धाग्यातला दोष साध्या मीटरने सापडला. स्कोप लागतो तो अवघड जागी: ओहम ठीक, व्होल्ट ठीक आणि तरी चुका येतात तेव्हा. स्कोपवर हाय आणि लो एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा दिसायला हव्यात. एक वायर सपाट पडलेली असेल किंवा कोपरे गोल झालेले असतील तर मीटर ते दाखवू शकत नाही.

एकेक कंट्रोलर काढून बघण्याची पद्धतही मीटरवर होते. शॉर्ट असेल तर एकेक कनेक्टर काढत जा आणि ओहम बघत राहा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर आकडा ६० ला परततो त्याच्यात किंवा त्याच्या फांदीत दोष. फक्त लक्षात ठेवा, काही मशीनवर टोकाचा रेझिस्टर कंट्रोलरच्या आतच असतो. तो काढला की १२० येणारच, तो दोष नाही. कुठला रेझिस्टर कुठे आहे ते डायग्राममध्ये आधी शोधा.

सरावासाठी एखादी चांगली चालणारी मशीन घ्या. तिचं ओहमचं माप, किल्ली चालू असतानाचे दोन्ही व्होल्ट, स्टार्टरच्या वेळची बॅटरी हे वहीत मॉडेलसकट लिहून ठेवा. ओहम मोजताना मेन स्विच बंदच हवा, चालू लाइनीवर ओहमचा आकडा खोटा येतो.

नवशिका_मेकॅनिक

उद्या आमच्या यार्डातल्या दोन मशीनवर मोजतो आणि आकडे इथेच टाकतो. एकीवर ४० आले तर तिसरा रेझिस्टर कुठे शोधू?

वायरमनताई

आधी जिथे बाहेरचा डबा जोडलाय तिथे. तयार मिळणाऱ्या जोडवायरीच्या टोकाला बरेचदा १२० चा रेझिस्टर आतच घातलेला असतो आणि बसवणाऱ्याला ते माहीत नसतं. तिथे नाही सापडला तर बदललेल्या मॉनिटरकडे वळा.